गिअर टाकला की मागून 'ठक': ताकद मागच्या चाकांपर्यंत पोचते कशी

राजापूरकडे वडाप, म्हणजे सीटवारी प्रवासी वाहतूक, चालवणाऱ्या एका दादांचा प्रश्न आहे. त्यांची सात सीटची डिझेल गाडी १,७०,००० किलोमीटर धावली आहे. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की मागून एकच 'ठक' असा आवाज येतो, रिव्हर्स टाकला की पुन्हा तसाच. गॅरेजवाल्याने गाडीखाली न शिरताच 'क्राऊन-पिनियन गेलं' म्हणून ४०,००० रुपयांचा आकडा सांगितला. त्यातच शेजाऱ्याने सल्ला दिला, 'मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांचं हे दुखणं कायमचंच, आता पुढच्या चाकांवर चालणारी घ्या.' दादा विचारतात, मागची चाकं गाडी चालवतात म्हणजे आत नेमकं काय होतं, आणि शेजाऱ्याचं ऐकावं का?

दादा, आधी एवढंच सांगतो की हाउसिंग, म्हणजे क्राऊन-पिनियन ज्यात बसतो ते मागच्या एक्सलचं कवच, उघडू देऊ नका. निदान आज तरी नाही. गेली तीस वर्षं मी कोकणातल्याच गाड्यांखाली झोपतोय. 'डिफरन्शियल गेलं' म्हणून आलेल्या गाड्यांपैकी कितीतरी गाड्या नुसता शाफ्टच्या टोकाचा जोड, म्हणजे क्रॉस, बदलून घरी गेल्या आहेत. तुमच्या गाडीचं दुखणं कुठलं ते मी इथे बसून छातीठोकपणे सांगणार नाही. पण ताकद इंजिनापासून चाकापर्यंत कुठल्या वाटेने जाते हे एकदा डोळ्यांपुढे आलं, की आवाज कुठून येतोय ते तुम्ही स्वतःच शोधाल.

तुमच्या गाडीत इंजिन पुढे उभं आहे, म्हणजे लांबीच्या दिशेने बसवलेलं. त्याच्या मागे फ्लायव्हील, क्लच आणि गिअरबॉक्स एका रांगेत. गिअरबॉक्सच्या शेपटातून प्रॉपेलर शाफ्ट निघतो आणि गाडीच्या पोटाखालून मागच्या हाउसिंगपर्यंत जातो. हाउसिंगमध्ये पिनियन हा लहान गिअर क्राऊन या मोठ्या गिअरला फिरवतो, क्राऊनमधला डिफरन्शियल दोन एक्सलना फिरवतो आणि एक्सल चाकांना. अँबॅसॅडर आणि प्रीमियर पद्मिनी अशाच होत्या. सुमो, क्वालिस, बोलेरो, स्कॉर्पिओ आणि इनोव्हा क्रिस्टा यांचीही रचना हीच. इंजिन पुढे आणि जोर मागे ही मांडणी १८९१ मध्ये फ्रान्सच्या पानार-लव्हासोर कंपनीने रूढ केली. तेव्हा मागच्या चाकांना साखळीने फिरवत. साखळी जाऊन शाफ्ट आला, बाकी हाडांचा सांगाडा तोच राहिला.

आता थोडं गणित, कारण आकडे कळले की या भागांवर काय बेततं ते कळतं. समजा इंजिन २०० न्यूटन-मीटर पिळ देतंय, पहिला गिअर ४ पट आणि क्राऊन-पिनियन ४.१ पट. गुणाकार केला की मागच्या एक्सलवर ३,२८० न्यूटन-मीटर येतात, म्हणजे प्रत्येक चाकाला १,६४० च्या आसपास. इंजिनाचा जोर सोळा पट होऊन मागे पोचतो, आणि क्लच झटक्यात सोडलात तर तो एका क्षणात आदळतो. म्हणून 'ठक' पहिल्या गिअरमध्ये आणि रिव्हर्समध्येच जास्त जाणवतो. चौथ्या गिअरमध्ये तो क्वचित कानावर येईल, कारण बहुतेक अशा गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर सरळ असतो. इंजिनाचा एक फेरा म्हणजे शाफ्टचाही एकच फेरा, जोर वाढत नाही.

वेगाचंही बघा. २१५/७५ आर १५ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे २.२ मीटर जातो. ताशी ८० किलोमीटरला तो मिनिटाला ६०० च्या आसपास फेरे घेतो आणि शाफ्ट त्याच्या ४.१ पट, म्हणजे साधारण २,५००. तुमच्या सीटखाली मिनिटाला अडीच हजार फेरे घेणारी लोखंडी नळी आहे. तिचा तोल जरा बिघडला तर सगळी गाडी गुणगुणायला लागते.

ही नळी सरळ एका दांड्यासारखी का नाही? कारण गिअरबॉक्स चेसीला बांधलेला आहे आणि मागचं हाउसिंग पाट्यांवर, म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, वरखाली होतं. खड्ड्यात चाक उचललं की शाफ्टचा कोनही बदलतो आणि लांबीही. कोन सांभाळायला दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट असतात, ज्याला आपण क्रॉस म्हणतो. लांबी सांभाळायला स्लिप जॉइंट असतो, खाचांमध्ये खाचा बसलेला, दुर्बिणीसारखा आतबाहेर सरकणारा.

क्रॉसमध्ये एक गंमत आहे, जी शाफ्ट जोडणाऱ्याला माहीत असायलाच हवी. कोनात फिरणारा क्रॉस एकसारखा वेग पुढे पाठवत नाही. १० अंशांचा कोन असेल तर प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग दीड टक्का वाढतो आणि दोनदा तेवढाच कमी होतो. २,५०० फेऱ्यांचा शाफ्ट एका टोकाला २,४६० ते २,५४० च्या मध्ये हेलकावत असतो. हा हेलकावा चाकापर्यंत पोचत नाही, कारण दुसऱ्या टोकाचा क्रॉस तो उलट दिशेने पुसून टाकतो. पण त्यासाठी दोन अटी आहेत: दोन्ही टोकांचे कोन सारखे हवेत आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांचे चिमटे, म्हणजे क्रॉसला धरणारी दुबोटी टोकं, एकाच रेषेत हवेत. स्लिप जॉइंट काढताना खूण केली नाही आणि परत घालताना तो दोन खाचा पुढे बसला, तर दोन हेलकावे एकमेकांना पुसायचे सोडून एकमेकांत मिसळतात. एकदा एक गाडी माझ्याकडे आली. आधी दोन ठिकाणी तिचे चारही टायर बॅलन्स करून झाले होते, एक टायर बदलूनही झाला होता, तरी ६० च्या पुढे थरथर जात नव्हती. मी शाफ्ट काढला, चिमटे एका रेषेत आणून परत बसवला. अर्ध्या तासाचं काम आणि एक रुपयाचंही सामान नाही.

वडापच्या गाड्यांना एक खास सवय असते, जास्त माणसं बसावीत म्हणून मागे एक पाटा वाढवायचा. पाटा वाढला की चेसी उचलते आणि रिकाम्या गाडीत शाफ्टचा कोन वाढतो. मग क्रॉस लवकर झिजतो. तुमच्या गाडीला जादा पाटा असेल तर मला पहिला संशय तिथेच येतो.

शाफ्ट लांब असेल तर त्याचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग देतात. लांब दोरी जोरात फिरवली की मध्ये फुगते ना, तसाच एका वेगाच्या पुढे लांब शाफ्ट मध्ये वाकायला बघतो. म्हणून मधला आधार. हे बेअरिंग रबरात बसवलेलं असतं. रबर तडकलं की गाडी उठताना सीटखाली धडधड होते आणि वेग आला की थांबते.

आता हाउसिंगच्या आत. पिनियन लांबीच्या दिशेने फिरतो आणि चाकं आडव्या अक्षावर. म्हणजे ताकदीला काटकोनात वळवायचं आणि त्याच वेळी वेग कमी करून जोर वाढवायचा, ही दोन्ही कामं क्राऊन-पिनियन करतो. पिनियन क्राऊनच्या मध्यरेषेच्या खाली बसवलेला असतो. त्यामुळे शाफ्ट खाली राहतो, दातही मोठे आणि मजबूत करता येतात. पण दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. साधं तेल त्या दाबाखाली पिळून निघून जातं, म्हणून तिथे ८०डब्ल्यू-९० किंवा ९० नंबरचं जीएल-५ दर्जाचं तेल लागतं, ते उग्र वास येणारं. हेच तेल सर्रास गिअरबॉक्समध्ये ओतणारेही भेटतात. तिथल्या पितळी सिंक्रो रिंगांना ते मानवेलच असं नाही. गाडीच्या पुस्तकात गिअरबॉक्सला जे तेल सांगितलंय तेच घाला.

डिफरन्शियल समजावताना मी पोरांना खळं दाखवतो. तिवड्याभोवती मळणी चालली की आतला बैल जागच्या जागी पाय टाकतो आणि बाहेरच्याला धावावं लागतं. गाडी वळते तेव्हा चाकांचं तेच होतं. दोन चाकांत १.४ मीटर अंतर असेल, तर अर्धवर्तुळाकार वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा सुमारे ४.४ मीटर जास्त चालतं. वळण मोठं असो की लहान, हा फरक तेवढाच. घाटातल्या आखूड वळणावर तो थोडक्या जागेत भरून काढावा लागतो, एवढंच. दोन्ही चाकं एकाच दांड्यावर घट्ट बसवली असती तर प्रत्येक वळणावर एक टायर खरवडत गेला असता. क्राऊनच्या पोटातले लहान गिअर, ज्यांना आपण स्पायडर म्हणतो, ते सरळ रस्त्यावर स्वतःभोवती फिरत नाहीत. वळण आलं की फिरून एका चाकाचा वेग काढून दुसऱ्याला देतात. रिक्षाच्या मागच्या दोन चाकांमध्येही हीच योजना आहे.

हीच योजना चिखलात आपल्याला फसवते. डिफरन्शियल वेग वाटून देताना जोर मात्र दोन्हीकडे सारखाच देतो. एक चाक शेवाळावर गेलं आणि त्याला फिरायला जेमतेम २० न्यूटन-मीटर पुरले, तर कोरड्या जमिनीवरच्या चाकालाही तेवढेच मिळतात. ते ढिम्म हलत नाही आणि पहिलं भिंगरीसारखं फिरत राहतं. अशा वेळी ॲक्सिलरेटर दाबत बसण्याऐवजी हँडब्रेक दोन-तीन दात ओढा आणि हळू जोर द्या. हँडब्रेक मागच्याच चाकांवर आहे. फिरणाऱ्या चाकाला अडथळा झाला की त्याला जास्त जोर लागतो आणि तेवढाच जास्त जोर दुसऱ्या चाकाला मिळतो. बऱ्याचदा गाडी तेवढ्यावर निघते. काही गाड्यांत लॉक होणारा डिफरन्शियल येतो, तो हे काम स्वतः करतो. सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, ये-जा करणाऱ्याला त्याचे जास्तीचे पैसे परवडतात.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते: गाडीला शेवटी ढकलतो कोण? चाक जमिनीला मागे लोटतं, जमीन चाकाला पुढे लोटते, हे खरं. पण चाकापासून चेसीपर्यंत तो धक्का कुठून जातो? पाट्यांच्या गाडीत तो हाउसिंगमधून यू-बोल्टात, यू-बोल्टातून पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागात आणि तिथून पुढच्या बुशमधून चेसीला जातो. सात माणसं आणि टपावरचं सामान त्या दोन बुशांच्या जोरावर घाट चढतात. शिवाय चाकं पुढे फिरताना हाउसिंग उलट्या दिशेने पिळायला बघतं, त्यालाही पाटेच धरून ठेवतात. म्हणून यू-बोल्ट ढिला असेल किंवा बुश गेला असेल, तर गिअर टाकताक्षणी सगळं हाउसिंग एकदा हलतं आणि ऐकू काय येतं? 'ठक'.

तर आता तुमच्या आवाजाकडे. या सगळ्या वाटेवर प्रत्येक जोडात केसभर मोकळीक असतेच: क्रॉस, स्लिप जॉइंट, क्राऊन-पिनियन, स्पायडर आणि एक्सलच्या खाचा. जोराची दिशा बदलली की ती मोकळीक एकदम भरून निघते. थोडी मोकळीक हवीच, नाहीतर गिअर तापून जाम होतील. एकाच जागी ती फाजील झाली का, एवढंच शोधायचं.

गाडी सपाट जागेवर, गॅरेजमधल्या खड्ड्यावर किंवा रॅम्पवर घ्या. पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावा. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, कितीही घाई असो. गाडी न्यूट्रल, हँडब्रेक सोडलेला. एका हाताने शाफ्ट धरा, दुसऱ्याने क्रॉसपलीकडचा फ्लँज, म्हणजे बोल्टांनी जोडलेली चकती, आणि दोन्ही उलट दिशेने पिळा. क्रॉसमध्ये हाताला खेळ लागताच कामा नये. क्रॉसच्या चार टोकांवरच्या टोप्यांच्या कडेला तांबूस भुकटी दिसली तर आतल्या बेअरिंगच्या सुया कोरड्या पडून गंजल्या असं समजा. आपल्याकडे पावसात पाणी शिरतं आणि ग्रीस धुऊन जातं. ग्रीस भरायचं निपल असेल तर पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस मारायलाच हवं, आणि ते चारही टोप्यांतून बाहेर येईपर्यंत मारायचं. तीनच टोप्यांतून आलं तर चौथी कोरडीच आहे.

मग स्लिप जॉइंट वरखाली हलवून बघा. यू-बोल्टचे नट पान्याने तपासा. पाट्याचा पुढचा बुश नीट बघा, रबर फाटून लोखंडाला लोखंड लागलंय का. त्यानंतर एकाला आत बसवून, पाय ब्रेकवर ठेवून, क्लच अर्धा सोडायला सांगा, आधी पहिल्यात आणि मग रिव्हर्समध्ये. तुम्ही बाजूला उभे राहून इंजिन आणि गिअरबॉक्सचे फाउंडेशन, म्हणजे ते ज्यावर बसतात ते रबरी आधार, किती उचलतात ते बघा, पण गाडीच्या पुढे किंवा मागे थांबू नका. फाउंडेशन तुटलं असलं तरी आवाज हुबेहूब असाच येतो.

हे सगळं ठीक निघालं तर मग हाउसिंग. पण क्राऊन-पिनियन खराब झाला की तो नुसता 'ठक' करत नाही, रडतो. जोर देताना 'हूं' असा सूर आणि पाय काढला की तो बदलतो, ही त्याची खूण. सतत घरघर येत असेल आणि वळणावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग बघा. ७० ला थरथर येत असेल तर क्लच दाबून गाडी क्षणभर मोकळी सोडा. थरथर तशीच राहिली तर इंजिन निर्दोष, दोष शाफ्टात किंवा टायरात. टायरची थरथर स्टिअरिंगला किंवा सबंध गाडीला हळू डुलवते. शाफ्टची चौपट वेगाची, ती बुडाखाली गुणगुणल्यासारखी लागते.

हाउसिंगचं तेल काढून बघायला फारसा खर्च नाही. चुंबकाच्या बोल्टावर बारीक लोखंडी पीठ दिसणं साहजिक आहे, दाताचे तुकडे दिसणं नाही. तेल दुधाच्या चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. हाउसिंगवर एक लहानसा श्वासनळीचा बोल्ट असतो, ब्रीदर. तो चिखलाने बुजला आणि तापलेली गाडी वहाळात उतरली, की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. उलट तापताना दाब वाढून तेल सीलमधून ब्रेकच्या पट्ट्यांवर येतं. मग लोक सील बदलत राहतात आणि बुजलेला ब्रीदर तसाच राहतो. तारेने मोकळा करायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

पिनियनचं सील बदलतानाही लक्ष ठेवा. पुष्कळ गाड्यांत पिनियनच्या दोन बेअरिंगांमध्ये दाबली जाणारी बुशिंग असते आणि नट किती आवळला त्यावर बेअरिंगचा ताण ठरतो. एअर गनने नट दाणकन आवळला की ती चेपते आणि चांगलं हाउसिंग पुढच्या महिन्यात रडायला लागतं. नट कुठे होता याची आधी खूण करून तिथेच आणायचा. आणि क्राऊन-पिनियन खरंच बदलायची वेळ आली तर दोन्ही जोडीनेच घ्या, ते कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेले असतात. मिस्त्रीने डायल गेज लावून मोकळीक मोजली पाहिजे आणि दातांना शेंदूर किंवा निळा रंग लावून ठसा कुठे पडतो ते तुम्हाला दाखवलं पाहिजे. जो 'अंदाजाने बसवतो' म्हणतो, त्याच्याकडे हाउसिंग देऊ नका.

राहिला शेजाऱ्याचा सल्ला. पुढची चाकं ओढणारी गाडी वाईट नाही. १९८३ मध्ये मारुती ८०० आली तेव्हापासून आपल्याकडच्या लहान गाड्या तिकडेच वळल्या. त्यांत शाफ्ट नाही, मागचं जड हाउसिंग नाही, वजन कमी, जागा जास्त, ॲव्हरेज चांगलं. २०२२ मध्ये इनोव्हा हायक्रॉससुद्धा पुढच्या चाकांवर आली. एकटा-दुकटा फिरणारा आणि डांबरी रस्त्यावरचा माणूस असता तर मी तीच घ्या म्हटलं असतं.

पण तुमचं काम वेगळं आहे. तुमची गाडी भरून घाट चढते. शेवटच्या सीटवरची माणसं आणि मागचं सामान यांचा भार जवळजवळ सगळा मागच्या चाकांवर पडतो. त्यात सहास एक असा चढ धरला, तर दोन टनांच्या गाडीचे आणखी ८०-८५ किलो पुढच्या चाकांवरून मागे सरकतात. जिथे वजन तिथे पकड. भरलेली गाडी अणुस्कुरा घाटाच्या ओल्या वळणावर उठवायची असेल तर जोर मागेच असलेला बरा, आणि पुढची चाकं फक्त वळायला मोकळी राहतात. तुमच्या धंद्याला मी अजूनही मागच्या चाकांचीच गाडी सांगेन.

तिचा धोका रिकामी परतताना असतो. मागे वजन नाही, पहिल्या पावसाने रस्त्यावर तेलाचा आणि तांबड्या मातीचा थर आलाय, अशा उतारावर दुसरा गिअर टाकून क्लच झटक्यात सोडला, तर इंजिनाचा ब्रेक फक्त मागच्या चाकांना लागतो आणि शेपूट बाहेर येतं. तिथे गिअर वळणाच्या आधीच उतरवा आणि क्लच सावकाश सोडा. शेपूट सुटलंच तर ब्रेकवर उभे राहू नका. क्लच दाबून मागची चाकं मोकळी करा आणि शेपूट ज्या बाजूला जातंय त्याच बाजूला स्टिअरिंग द्या.

आणखी एक, कारण यात माणूस दगावू शकतो. चढावर मागचं चाक पंक्चर झालं आणि हँडब्रेक कमकुवत असेल, तर 'गाडी गिअरमध्ये आहे' या भरवशावर जॅक लावू नका. मागचं एक चाक अधांतरी झालं की डिफरन्शियल त्याला मोकळं फिरू देतो, आणि गिअर असूनही जमिनीवरचं दुसरं चाक घरंगळू शकतं. जॅकला हात लावण्याआधी पुढच्या दोन्ही चाकांना उताराच्या बाजूने दगड.

तुम्ही आता शाफ्ट उतरवायला गाडी नेणार असाल तर स्वतः समोर उभे राहा. बोल्ट खोलायच्या आधी दोन्ही फ्लँजवर आणि स्लिप जॉइंटच्या दोन्ही भागांवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढायला लावा. क्रॉस बदलून झाला की रेघेला रेघ जुळवूनच शाफ्ट परत चढवा. मग रिकाम्या गाडीत एकदा आणि भरून एकदा पहिला गिअर टाकून ऐका, आणि आवाज राहिला की गेला ते मला कळवा.